आधी घराचे ऐकावे



सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. मूल प्रथम घडते ते घरात, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावे असे नाही. परंतु शेतकरी आत्महत्यांनी याच बुलढाण्यात अनेक घरे उघडी पडली. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता.

अशा घरातील आई पहाटेच मजुरीला जाते. मूल शाळेत दिसत नाही. कार्यकर्ता तळमळीने म्हणतो, ‘याला संस्थेत ठेवा.’ हेतू शुद्ध असतो, पण आईला कोणी विचारलेलेच नसते. विचारले तर कळते की, मूल धाकट्या बहिणीला सांभाळते. गरज पाळणाघराची असते! गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. भटक्या-विमुक्तांच्या पालावर तर अधिकच जपावे. गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला, मनांतून नव्हे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार संस्था हा अखेरचा उपाय आहे. बालकल्याण समितीपुढे आलेल्या बालकाची सामाजिक चौकशी १५ दिवसांत व्हावयाची असते. ती म्हणजे रकाने भरणे नव्हे. आजी, मामा आणि स्वतः मूल यांचे ऐकणे होय. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये १,१०० वरून २,२५० रुपये झाले. विधवा मातेचा तो अर्ज भरून देणे हीही सेवाच.

घरातच अत्याचार होत असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. १०९८ वर कळवावे. एरवी उपकारकर्त्याचे आसन सोडून ओसरीवर बसणारा कार्यकर्ताच घर वाचवितो.