शास्त्रज्ञांचें माहेर
(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



तरुणांच्या उच्च शिक्षणाविषयीं दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा उत्सवमंडळानें आम्हांस केली आहे. आपल्या मुलांपैकीं कांहीं आतां विज्ञानांत डॉक्टरेट करूं लागलीं आहेत. त्यांच्या आईबापांचा प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो: "फादर, मुलगा परदेशीं गेला तर परत येईल काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्यापाठीमागें दुसरा एक प्रश्न उभा असतो, तो कोणी विचारीत नाहीं. परत आल्यावर येथें त्याची विद्या जगेल काय?

या प्रश्नाची झळ अब्दुस सलाम यांनीं प्रत्यक्ष सोसली. केंब्रिज येथें नांवलौकिक मिळवून ते १९५१ सालीं लाहोरास अध्यापक म्हणून परतले. तेथें आपल्या विषयावर बोलावयास सोबती नाहीं, नवीं नियतकालिकें नाहींत. कॉलेजनें त्यांजकडे फुटबॉलच्या संघाची देखरेख सोंपविली! (खेळाशीं आमचें वैर नाहीं, हें आपल्या संघास ठाऊक आहेच.) स्वदेश सोडावा कीं भौतिकशास्त्र सोडावें, असा पेंच पडला आणि १९५४ सालीं ते पुन्हां केंब्रिजला गेले.

हा पेंच इतरांस पडूं नये, म्हणून १९६० सालीं व्हिएन्ना येथें आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या परिषदेंत त्यांनीं एका जागतिक केंद्राची कल्पना मांडली. धनाढ्य राष्ट्रांना ती फारशी रुचली नाहीं. गरीब देशांना बैलगाडी पुरे, रोल्स-रॉइस कशाला, अशा अर्थाचें उत्तर एका प्रतिनिधीनें दिलें, असें खुद्द सलाम सांगत. अखेर पावलो बुडिनिच यांच्या खटपटीनें व इटलीच्या साहाय्यानें १९६४ सालीं त्रिएस्त या बंदराच्या शहरीं केंद्र उघडलें.

त्याची खरी किमया सहयोगी-योजनेंत आहे. तरुण अध्यापकानें नोकरी आपल्याच देशांत करावी. मात्र ठराविक वर्षांच्या मुदतींत कांहीं वेळां, कांहीं आठवडे किंवा महिने, त्रिएस्तला येऊन राहावें, ग्रंथालय वापरावें, जगांतील विद्वानांशीं बरोबरीनें वाद घालावा आणि परत जावें. सासरीं नांदणारी लेक सणास माहेरीं येते, चार दिवस मन मोकळें करिते व नव्या उमेदीनें परतते, तसेंच हें. पुढें १९९१ पासून नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठींही तेथें एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

सलाम स्वतः मात्र लंडन आणि त्रिएस्त येथेंच राहिले. १९७९ चें नोबेल पारितोषिकही तिकडेच असतां त्यांना मिळालें. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. स्वतःस जें लाभलें नाहीं, तें त्यांनीं दुसऱ्यांकरितां उभारलें, आणि म्हणूनच आम्हांस त्यांचें मोल अधिक वाटतें.

असें माहेर आपल्या जवळही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९८८ सालीं पुणें येथें आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापिली, डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. भारतांतील कोठल्याही कॉलेजचा अध्यापक निवड झाल्यास तिचा सहयोगी होऊन तेथें संशोधनास जाऊन राहूं शकतो. विदर्भांतील लहान गांवीं शिकविणाऱ्यासही ही वाट खुली आहे.

तेव्हां आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी नोकरी पत्करील, तेव्हां पगारासोबत एवढेंही विचारा: संशोधनास बाहेर जावयाला रजा मिळेल काय? आपल्या महोत्सव-निधींतून पहिल्या पदवीपर्यंतच मदत करावी, असें ठरलें आहे. परत येऊन शिकविणाऱ्यांच्या अशा प्रवासखर्चासही त्यांतून कांहीं वाटा द्यावा, ही सूचना मंडळाच्या पुढील बैठकींत आम्ही मांडणार आहों.