तळेगाव दाभाडे : येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की वर्गणीची वही निघते, आणि वही निघाली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. गावकरी कोणाला म्हणावयाचे? पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात राहणाऱ्याला, की काल-परवा स्टेशनजवळ सदनिका घेऊन आलेल्याला? तळेगावासारख्या ठिकाणी हा प्रश्न नुसता मानापानाचा नाही. पुढच्या पन्नास वर्षांत गाव गाव म्हणून राहणार की नुसती झोपावयाची जागा होणार, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ते उत्तर शोधावयाचे तर गावाची जागा, त्याचा इतिहास आणि त्याची माणसे ही तिन्ही पाहिली पाहिजेत.

प्रथम जागा. पुणे जिल्ह्यात या नावाची दोन मोठी गावे आहेत. शिरूर तालुक्यातले ते ढमढेऱ्यांचे आणि मावळातले हे दाभाड्यांचे. पुण्याच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटरवर, मावळाच्या पूर्वेकडच्या कडेला हे गाव वसले आहे. उत्तरेस इंद्रायणी, दक्षिणेस पवना. लोणावळ्याइतका पाऊस येथे कोसळत नाही, हवा मात्र घाटाजवळची. म्हणून मुंबईकर मंडळी हवापालटासाठी येथे येत. लोहमार्ग आणि जुना पुणे-मुंबई रस्ता याच पट्ट्यातून गेला, पुढे द्रुतगती मार्गही येथूनच गेला, आणि चाकणकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. गावाच्या नावात तळे आहे. नशिबात मात्र वाट आहे.

या वाटेनेच गावाला वैभव दिले आणि संकटेही आणली. खंडेराव दाभाडे यांना छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. गुजरातेत मराठ्यांचा अंमल बसविण्यात या घराण्याचा वाटा मोठा. पोटासाठी आणि पराक्रमासाठी लांब जावे व परतून तळेगावी यावे, ही रीत तेव्हापासूनची आहे. फरक इतकाच की तेव्हा घोडा होता, आता लोकल आहे. खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पडले, आणि त्यानंतर खंडेरावांच्या पत्नी उमाबाई दाभाडे यांनी घराण्याचा भार खांद्यावर घेतला. बनेश्वराच्या परिसरातील समाध्या त्या दिवसांची साक्ष देत उभ्या आहेत.

पुढे जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याच्या रोखाने आली. ती तळेगावापर्यंत पोहोचली तेव्हा तिला दाणावैरण मिळू नये म्हणून गाव जाळून ओस केलेले होते. उपासमारीच्या भीतीने फौज रात्रीतून मागे फिरली, वडगावला मराठ्यांनी तिला घेरले आणि तेथेच तिला तह करावा लागला. त्या विजयात महादजी शिंद्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. परंतु घरे सोडून गेलेल्या तळेगावकरांचाही त्यात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. गाव जळाले, पण माणसे परतली आणि गाव पुन्हा उभे राहिले.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि गावाला ‘स्टेशन’ मिळाले. जुने गाव एकीकडे राहिले, स्टेशनभोवती दुसरी वस्ती वाढू लागली. ‘गाव विभाग’ आणि ‘स्टेशन विभाग’ हे बोलण्यातले दोन भाग त्यातूनच आले. एकोणिसाव्या शतकातच येथे नगरपालिकाही आली.

आता माणसांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी तळेगावाचे नाव देशभर झाले ते दोन संस्थांमुळे, आणि दोन्हींच्या मागे बाहेरून आलेली माणसे होती. कोल्हापुरात प्राध्यापक असलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांचे राष्ट्रीय शिक्षण देणारे समर्थ विद्यालय येथे चालले. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले, तरी शिक्षणाचे बीज येथल्या मातीत राहिले आणि पुढे नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने पुन्हा उगवले.

दुसरी संस्था पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने कल्पना काढली, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावी काचेचा कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचकाम शिकून आलेले उत्तर हिंदुस्थानातील ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले सूत्रधार झाले. येथे हात तयार झालेल्या कारागिरांनी ही कला पुढे इतर प्रांतांत नेली. वर्गणीची वही हाती धरणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानात ठेवावी. त्या कारखान्याची पहिली वीट कोणा धनिकाच्या हजारांची नव्हती, असंख्य अनोळखी माणसांच्या एकेका पैशाची होती.

साहित्यिक गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म विदर्भात परतवाड्याचा; पण वाचकांच्या मनात ते तळेगावचे झाले आणि मावळचा माणूस त्यांनी कादंबरीत आणला. त्यांना बाहेरचे म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले; १९६० नंतरच्या दशकात आकुर्डी-चिंचवडपर्यंत कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७८ पासून पुणे-लोणावळा विजेची लोकल धावू लागली, आणि तळेगावात राहून आकुर्डी, पिंपरी, शिवाजीनगर गाठणे सोपे झाले. २००९ नंतर चाकण परिसरात फोक्सवॅगन, महिंद्र यांचे मोठे कारखाने उभे राहिले. आता सकाळी गाव दोन दिशांना रिकामे होते, एक ओघ स्टेशनाकडे आणि दुसरा कंपनीच्या बसने चाकणकडे. खुद्द तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतही काम आले. पण कारखान्याचा भरवसा किती, हेही दिसले. जनरल मोटर्सचा येथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी टाळेबंदीत लोकलही थांबली होती. एवढ्या घरांची चूल एका रुळावर अवलंबून आहे, हे तेव्हा सर्वांनाच उमगले.

लोकसंख्येचे आकडे हेच सांगतात. २००१ च्या जनगणनेत तळेगाव दाभाडे ४२ हजारांवर होते, २०११ मध्ये ५६ हजारांवर गेले. दहा वर्षांत सुमारे एक-तृतीयांश वाढ! एवढी वाढ पाळण्यांनी होत नाही, ती बिऱ्हाडांनी होते. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि परप्रांतांतून ही बिऱ्हाडे आली आहेत.

यात जुन्या मंडळींची तक्रार खोटी नाही. शेते गेली, पाण्यावर ताण आला, रस्त्यावर चालणे कठीण झाले, शेजारी कोण हे कळेनासे झाले. नव्या मंडळींचेही दुःख खरे आहे. दहा-दहा वर्षे राहूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न सुटत नाही. पहाटे निघणारा आणि दिवेलागणीनंतर परतणारा माणूस गावचे तळेही उजेडात पाहत नाही. मग त्या तळ्याची, समाध्यांची, देवळाची काळजी त्याने का वाहावी?

त्याने ती वाहावी अशी इच्छा असेल तर त्याला जागा करून दिली पाहिजे. देवळाच्या सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवल्या तर लोकलने जाणारा येणार कसा? त्या रात्री किंवा रविवारी ठेवाव्यात. रात्रपाळीवाल्याचा निरोप शेजाऱ्याने पोहोचवावा. वर्गणी मोठी थोड्यांकडून घेण्यापेक्षा लहान का होईना, प्रत्येक उंबऱ्यावरून घ्यावी, मग तो उंबरा वाड्याचा असो की तिसऱ्या मजल्यावरचा. आणि यादी छापताना ‘गावकरी’ व ‘बाहेरचे’ असे दोन रकाने करू नयेत.

तळेगावचा इतिहास एवढेच सांगतो, की गाव त्यात जन्मलेल्यांनी राखले आणि त्यात आलेल्यांनी वाढविले. संध्याकाळी जो परत येतो आणि गावाच्या ओझ्याला खांदा लावतो, तो गावकरी. नव्या कळसाखाली उभे राहताना एवढे मनाशी धरले, तर हा जीर्णोद्धार केवळ दगडांचा राहणार नाही.