काचबिंदू आणि रोजचा थेंब

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन शब्दांतील साम्यामुळे अनेक घरांत एक घातक गैरसमज रुजलेला आढळतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते आणि ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दिसू लागते; काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी, सुमारे 10 लाख तंतूंची बनलेली दृष्टीची नस झिजते, आणि तिचा एकदा गेलेला तंतू औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. म्हणून बिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहणे म्हणजे शिल्लक असलेली दृष्टीही हातची घालवणे होय.

डोळ्याच्या पुढच्या भागात नेत्रजल नावाचा पारदर्शक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातो. हा निचरा मंदावला की डोळ्यातील दाब वाढतो. सामान्यतः हा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो, परंतु काहींची नस या मर्यादेतही झिजते, आणि म्हणून दाब कुठवर उतरवायचा हे प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरांना वेगळे ठरवावे लागते. दृष्टी प्रथम कडेची जाते, समोरचे अक्षर दीर्घकाळ स्वच्छ दिसत राहते आणि बहुतेकांना वेदना मुळीच नसते. औषधाचा थेंब घातल्याने बरे वाटत नाही, न घातल्याने बिघडल्यासारखे वाटत नाही. या आजारातील घरच्या देखभालीची खरी अडचण हीच आहे आणि रुग्ण औषध मध्येच सोडतात त्याचे एक मोठे कारणही हेच आहे.

त्यामुळे थेंबाची वेळ घरातील एखाद्या न चुकणाऱ्या कामाशी, जसे की देवापाशी सांजवात लावण्याशी किंवा रात्री अंथरूण घालण्याशी, जोडून घेणे उपयुक्त ठरते. हात स्वच्छ धुऊन, मान मागे टाकून, खालची पापणी हलकेच ओढून झालेल्या खोलगट जागेत एकच थेंब सोडावा. त्या जागेत एका थेंबाहूनही कमी औषध मावते, म्हणून दुसरा थेंब गालावर ओघळून वाया जातो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. नंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन-तीन मिनिटे बोटाने दाबून धरावा, कारण तिथल्या अश्रुमार्गाने औषध नाकात आणि तेथून रक्तात उतरते. टिमोलॉलसारख्या औषधाने दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते किंवा हृदयाचे ठोके मंदावू शकतात, तेव्हा अशा आजारांची माहिती डॉक्टरांना आधीच दिलेली असावी. दोन वेगळी औषधे असतील तर त्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण बहुतेक बाटल्या साधारण महिन्याभरात टाकून द्याव्या लागतात. हात थरथरणाऱ्या वृद्धांचा थेंब नेमका पडत नाही. तेथे सुनेने, मुलाने किंवा नातवंडाने तो घालणे हीच उत्तम शुश्रूषा आहे.

डोळा लाल झाला म्हणून मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते, आणि त्याने डोळ्यातील दाब वाढतो. शीर्षासनात हा दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून ते वर्ज्य समजावे. चालण्याचा व्यायाम मात्र हितकर आहे.

कडेचे दिसेनासे झालेल्या माणसाला उंबरठा, वाटेतला पाट आणि जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही, आणि घरच्यांना तो धांदरट वाटू लागतो, हे फार दुःखद आहे. पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा आणि नेहमीच्या जागेवरून न हलणारे सामान एवढ्यानेही बरीच पडझड टळते.

अचानक डोळा ठणकणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, उलट्या होणे ही काचबिंदूच्या तीव्र प्रकाराची लक्षणे असून ती पित्त समजून अंगावर काढू नयेत, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरत असल्यामुळे रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची तपासणीही आवश्यक ठरते. केवळ दाब मोजून भागत नाही, बाहुली मोठी करून नसही पाहावी लागते, आणि रुग्ण पुढच्या तपासणीला निघेल तेव्हा त्याच्यासोबत त्यांनाही नेता येते.