पेशीच्या सफाईचा साक्षीदार



भोपाळचं आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, 2008 साली सुरू झालं, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. गोविंदपुऱ्यातल्या ‘गॅस राहत’ आयटीआयच्या इमारतीत त्याचा संसार मांडला गेला. 1984च्या वायुकांडानंतरच्या मदतकार्याचं नाव मिरवणाऱ्या वास्तूत विज्ञानसंस्था रांगायला लागली, हे मला फार भोपाळी वाटतं. आता संस्था बायपासवर भौंरीला आहे.

अशा संस्थांतल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत उणे 80 अंशांचे फ्रीझर असतात आणि त्यांत करंगळीएवढ्या नळ्या. ऑटोफॅजीवर, म्हणजे स्वभक्षणावर, काम करणाऱ्यांच्या नळीवर बहुधा एक नाव दिसेल: एलसी3.

पेशी स्वतःचेच जुने, बिघडलेले भाग पडद्यात गुंडाळून पचवते. ख्रिश्चन द डूव्ह यांनी 1963 साली या क्रियेला नाव दिलं. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये तिची जनुकं शोधली आणि त्यांना 2016चं नोबेल मिळालं. एलसी3 हे त्या गुंडाळणाऱ्या पडद्यावर चिकटणारं प्रथिन. माणसाच्या एलसी3बीमध्ये 125 अमिनो आम्लं असतात. शेवटची पाच कापली गेली, की 120व्या जागेवरचं ग्लायसिन उघडं पडतं आणि तिथे पडद्यातला स्निग्ध रेणू जोडला जातो.

हे प्रथिन विकत मिळतं, पण परदेशातून कोरड्या बर्फात मागवायचं म्हणजे खर्च आणि वाट पाहणं दोन्ही आलं. म्हणून बरेच जण ते घरचं करतात. ई. कोलाय जिवाणूत जनुक घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि प्रथिनाला जोडलेल्या सहा हिस्टिडिनांच्या शेपटीला धरून ते निकेलच्या स्तंभातून वेगळं काढायचं. मग लहान लहान वाटे करून गोठवायचं, कारण पुन्हा पुन्हा वितळवलं की ते बिघडतं. ही नळी हाताशी असली, की दुसरं कोणतं प्रथिन एलसी3ला धरतं ते तपासता येतं. सोबत एटीजी7 आणि एटीजी3 ही विकरं, ऊर्जेसाठी एटीपी आणि स्निग्धाचे कृत्रिम फुगे दिले, तर पडद्याला चिकटण्याची क्रिया पेशीबाहेरही घडवता येते.

खरी गंमत मात्र पेशीतल्या एलसी3मध्ये आहे. स्निग्ध जोडलेलं रूप वजनाने जास्त, तरी प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलमध्ये ते हलक्या रूपाच्या पुढे धावतं. आणि हे जोडलेलं रूप वाढलेलं दिसलं, तर दोन अर्थ निघतात: सफाई जोरात चालली आहे, किंवा सफाई शेवटच्या टप्प्यावर तुंबली आहे. जेलवरची पट्टी तीच, निष्कर्ष उलटे! म्हणून बॅफिलोमायसिनसारखं औषध देऊन पचन मुद्दाम थांबवतात आणि त्यानंतर पट्टी आणखी गडद होते का, ते बघतात. झाली, तर सफाईचा प्रवाह चालू होता. ही पायरी गाळलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ओसुमींना एकादशीच्या उपवासासाठी नोबेल मिळालं, असा संदेश तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. त्यांनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला. तेव्हा अमुक काढ्याने किंवा तमुक उपवासाने ऑटोफॅजी वाढते असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: कुणाच्या पेशीत मोजली, आणि प्रवाह तपासला होता का?