गुहागरच्या अंगणातील शरद
बालवाडीतील झाड, घर आणि ऋतू



तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना ऋतूंची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु मुलाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की छापील चित्रावर, याचा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक इंग्रजी चित्रपुस्तकांत ‘ऑटम’ म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा सडा आणि निष्पर्ण झाडे. थंड प्रदेशात ते खरेच असते. तेथे दिवस लहान होऊ लागले, थंडी वाढू लागली, की झाडे पाने टाकतात. या ऋतूला मराठीत शरद म्हणावयाचे आणि तेच चित्र गुहागरच्या बालवाडीत भिंतीवर लावावयाचे, म्हणजे मुलाला त्याच्याच अंगणाविषयी चुकीची माहिती देणे होय.

गुहागरचा शरद

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे आश्विन-कार्तिकात जमिनीत ओल भरपूर असते. वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत पसरलेल्या नारळी-पोफळीच्या बागा हिरव्यागार असतात. अनेक आंब्यांना तर याच सुमारास तांबूस कोवळी पालवी फुटते. या दिवसांत पिवळे पडते ते सड्यावरचे गवत आणि खाचरातले भात. हळवे भात आधी कापणीला येते, गरवे मागाहून. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दारावर बांधल्या जातात. गुहागरच्या मुलाचा शरद हा असा आहे.

पानगळ येथेही होते. पण ती हिवाळ्यात सुरू होऊन माघ-फाल्गुनापर्यंत चालते. तिचे कारणही वेगळे आहे. पावसाळा दूर गेलेला असतो, जमीन कोरडी होत जाते आणि पाण्याची बचत करण्यासाठी साग, काटेसावर, पांगारा यांसारखी झाडे पाने टाकतात. सावर आणि पांगारा तर निष्पर्ण फांद्यांवरच लाल फुले मिरवतात. आंबा, फणस, उंडी मात्र बारमाही हिरवी राहतात. ही तुलना मुलाने स्वतः पाहिली, तर ऋतुचक्राचा पाया पक्का होतो.

अंगणातले साहित्य

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शंख-शिंपले यांनी घेतली. पुढे १९५७ साली कार्य कोसबाडला गेल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत स्तरात घेतले. धोरणाचे शब्द अंगणात उतरवावयाचे, तर साहित्यही अंगणातलेच हवे.

पहिला उपक्रम ‘आपले झाड’. बालवाडीजवळची दोन झाडे निवडावीत. एक सदाहरित, एक पानगळीचे. आंबा आणि सावर ही जोडी उत्तम. महिन्यातून एकदा मुलांना तेथे न्यावे. आंब्याच्या खोडाला मिठी मारून पाहावी. सालीवर कागद ठेवून रंगीत खडूने ठसा घ्यावा. सावरीच्या खोडावर काटे असतात, म्हणून ती दुरून पाहावी. आश्विनातली पालवी, पौषातला मोहर, चैत्रातल्या कैऱ्या यांची चित्रे एकाच लांब कागदावर क्रमाने चिकटवावीत. वर्षअखेरीस तोच कागद मुलांचे पंचांग होतो.

दुसरा उपक्रम पानांचा. फणस, काजू, जांभूळ, नारळ यांची गळलेली पाने गोळा करून लहान-मोठी, गुळगुळीत-खरखरीत, वासाची-बिनवासाची अशी वर्गवारी करावी. गणिताची सुरुवात येथूनच होते. नारळाच्या पातीची पिपाणी आणि भिंगरी करता येते. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुंध्याचे रुंद आवरण, म्हणजे विरी, सोबत येते. तीवर एकाने बसावे आणि दोघांनी ओढावे. या खेळात आळीपाळी, जोर लावणे व सहकार्य या गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. गुंज, एरंड व कण्हेर यांच्या बिया विषारी असतात. त्या साहित्यात कदापि नसाव्यात. बारीक बिया मुले नाकात-कानात घालतात, म्हणून लहानांच्या हाती मोठ्या बियाच द्याव्यात.

पानापानावर एक माणूस

तिसरा उपक्रम कुटुंबाचा आणि तो सर्वांत नाजूक. आई, बाबा आणि दोन मुले असे छापील चित्र पुष्कळ घरांना लागू पडत नाही. कोकणातील अनेक घरांत वडील मुंबईला असतात. ते गणपतीला येतात, शिमग्याला येतात. भाद्रपदात भरलेले घर आश्विनात पुन्हा रिकामे होते. नेमक्या याच दिवसांत बालवाडीत कुटुंबाचा पाठ आला, तर ‘तुझे बाबा कुठे?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला जाऊ नये.

त्याऐवजी मोठ्या कागदावर झाड काढावे आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरातील माणसागणिक एक पान चिकटवावे. कोणते पान कोणाचे, हे मुलानेच सांगावे. आंघोळ कोण घालते, गोष्ट कोण सांगते, असे विचारावे. कोणी आजीचे पान सर्वांत मोठे लावील, कोणी मुंबईच्या काकांचे लावील, कोणी दावणीच्या गाईचेही लावील. ते सर्व ग्राह्य मानावे. आईला कोणी ‘आये’ म्हणते, कोणी ‘अम्मी’. घरातला शब्द तसाच फळ्यावर यावा. झाप विणणाऱ्या आजीला एक दिवस बालवाडीत बोलवावे. शाळा ज्या हातांना मान देते, त्या हातांचा मान मूलही राखते.

पंचायतीचे काम

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा विषय पंचायतींसाठी नमूद आहे. इमारत, पाणी व पोषण आहार यांकडे पंचायत सदस्य लक्ष देतातच. त्याच नजरेने अंगणाकडेही पाहावे. बांधकामाच्या वेळी अंगणातला आंबा वाचवावा, कुंपणालगत एखादी देशी झाडांची रांग लावावी, मुलांना निर्धोकपणे पोहोचता येईल अशी वाट करून द्यावी. पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी भिंतीवरचे तक्ते मोजण्याबरोबरच मुले या महिन्यात किती वेळा झाडाखाली गेली, हेही विचारावे. प्राथमिक शिक्षकांनी पहिलीत आलेल्या मुलाजवळचे हे ज्ञान हिशेबात धरावे.

सेविकेने शरदाचा पाठ घेताना भिंतीवरचे चित्र क्षणभर बाजूला ठेवून दार उघडावे. समोरचे भात पिवळे आहे आणि आंबा हिरवा आहे, असे एखादे मूल म्हणाले, तर ते बरोबर उत्तर आहे. त्या उत्तराला शाबासकी मिळणे, हीच शिक्षणाची खरी सुरुवात होय.