दोन पत्त्यांची जोडी, चौघांचा डाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ते म्हटले की आपल्याला रमी, मेंढीकोट, बदाम सात आठवतात. तिथे बावन्न पत्ते सगळ्यांना तेच. वाटून येतील त्यावर खेळायचं. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात मात्र प्रत्येकजण आपला कॅट स्वतः जुळवून घरून आणतो. म्हणजे निम्मा डाव घरीच खेळून झालेला असतो!

२०२५च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे सिएटलला राहिलो होतो. नातू पंधरा वर्षांचा. गाव नवं, मित्र मोजके. दर शुक्रवारी संध्याकाळी चौघं मुलं एका दुकानातल्या टेबलावर ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळायला बसत. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला हा खेळ १९९३मध्ये बाजारात आला. ही मुलं त्यातला ‘कमांडर’ नावाचा प्रकार खेळत. त्यात प्रत्येकाचे शंभर पत्ते. जमिनीचे साधे पत्ते सोडले, तर एकही पत्ता दोनदा घ्यायचा नाही. शंभरातला एक म्हणजे म्होरक्या. तो उघडा बाजूला ठेवायचा आणि जमेल तेव्हा मैदानात उतरवायचा. प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस प्राण. प्राण संपले की तो खेळाडू बाद.

आता विचार करा. समोर तिघं, म्हणजे एकशेवीस प्राण. एकेक वार करून ते कधी संपायचे? म्हणून खेळाडू शोधतात ‘कॉम्बो’, म्हणजे एकमेकांना चालवणाऱ्या पत्त्यांची जोडी.

नातवाने मला अशी एक जोडी दाखवली. ‘सँग्विन बाँड’ हा २००९चा पत्ता म्हणतो, तुमचे जितके प्राण वाढतील, तितके एका प्रतिस्पर्ध्याचे कमी होतील. ‘एक्झ्क्विझिट ब्लड’ हा २०१२चा पत्ता म्हणतो, प्रतिस्पर्ध्याचे जितके प्राण कमी होतील, तितके तुमचे वाढतील. वेगवेगळे ठेवले तर दोघेही साधेच. पण शेजारी मांडा आणि कुठूनही एक प्राण हलू द्या. त्याचा एक गेला, माझा एक वाढला. माझा वाढला म्हणून त्याचा आणखी एक गेला. रहाटगाडगं सुरू! एक बाद झाला की दुसऱ्यावर रोख, मग तिसऱ्यावर. एका दमात टेबल रिकामं.

“मग रोज जिंकतोस की काय?” मी विचारलं.

“कुठलं आबा! दोन्ही पत्ते एकदम येतच नाहीत.”

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कागद-पेन्सिल घेतली. म्होरक्या वगळून नव्व्याण्णव पत्ते. सुरुवातीला सात हातात येतात आणि दर फेरीला एक ओढायचा. म्हणजे दहाव्या फेरीपर्यंत सतरा. ठरावीक दोन्ही पत्ते त्या सतरांत असण्याची शक्यता शंभरात जेमतेम तीन! शिवाय दोन्ही पत्ते महाग. प्रत्येकाला पाच ‘माना’ लागतात. माना म्हणजे जमिनीच्या पत्त्यांतून मिळणारी शक्ती, आणि जमीन साधारण फेरीला एकच मांडता येते. म्हणजे पहिला पत्ता टेबलावर पडला की दुसरा येईपर्यंत तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिघंही सावध होतात, आणि तिघांपैकी कोणीही तो मोडू शकतो. दोघांच्या खेळात एकाचीच नजर चुकवायची असते. इथे तिघांची.

मग नातवाने कॅट नव्याने बांधला. ‘सँग्विन बाँड’चंच काम करणारा ‘व्हिटो’ नावाचा पत्ता २०२०मध्ये निघाला आहे. त्याला म्होरक्या करता येतं आणि तो तीन मानांत उतरतो. म्हणजे जोडीतला एकजण कायम हाताशी. उरला दुसरा. ‘एक्झ्क्विझिट ब्लड’सारखाच चालणारा २०२४चा ‘ब्लडथर्स्टी कॉन्करर’ त्याने घातला. शिवाय कॅटमधून हवा तो पत्ता शोधून आणणारे चार पत्ते. म्हणजे सहापैकी एक मिळाला तरी काम भागतं. पुन्हा हिशेब केला. दहाव्या फेरीपर्यंत शक्यता शंभरात एकोणसत्तर! आम्ही आजोबा-नातवाने एकमेकांना टाळी दिली.

पुढच्या शुक्रवारी तो जिंकला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला घरी आला तो गप्पच. पत्ते कपाटात ठेवून म्हणाला, “आबा, ते म्हणाले, पुढच्या वेळी आम्ही तिघंच खेळू.”

श्रोतेहो, मला झोप लागली नाही. हिशेब माझाच होता. त्यात एकशेवीस प्राण मी मोजले. पण शुक्रवारची वाट पाहत आठवडा काढलेली तीन मुलं मोजायची राहून गेली. त्यांचे अर्धवट मांडलेले डाव एका क्षणात गुंडाळले जात होते.

कमांडर खेळणाऱ्यांत एक जुना रिवाज आहे. डावाआधी आपण कशा तऱ्हेचा कॅट आणला आहे, ते मोकळेपणाने सांगायचं. २०२५मध्ये कंपनीने त्यासाठी पाच पायऱ्याही सुचवल्या. खालच्या दोन पायऱ्यांवर अशी दोन पत्त्यांची न थांबणारी जोडी आणायची नाही, असा संकेत आहे. नातवाने हे केलंच नव्हतं. मी म्हटलं, “फोन कर आणि सांगून टाक, माझ्या कॅटमध्ये काय आहे ते.” त्याने आढेवेढे घेतले, पण केला.

त्या शुक्रवारी मीही दुकानात गेलो. जोडी जमली, एक प्राण हलला, गाडगं फिरू लागलं. दोघं बाद झाले. तिसऱ्याने मात्र हसत आपल्या समोरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. तो होता ‘प्लॅटिनम एंजल’. हा मैदानात असेतो त्याचा मालक हरू शकत नाही. नातवाची नजर त्याच्यावरून निसटली होती! आता त्या मुलाचे प्राण शून्याखाली जात राहिले, नातवाचे वाढत राहिले. ती जोडी स्वतःहून थांबत नाही आणि थांबवणारा पत्ता दोघांकडेही नव्हता. अशा वेळी नियम सांगतो, डाव बरोबरीत.

चौघंही इतके हसले की दुकानदार बघायला आला. कळवून ठेवल्यामुळेच त्या मुलाने तो पत्ता मुद्दाम घातला होता.

परवा नातवाचा फोन आला होता. शोधून आणणारे दोन पत्ते त्याने काढून टाकले आहेत. शक्यता किती उरली, ते मला विचारत होता. मी म्हटलं, “तेवढं आता तूच काढ. आणि शुक्रवारी कितीजण होता, ते मला सांग.”

“चौघं,” तो म्हणाला. “आणि पाचवा येऊ का म्हणून विचारतोय.”