पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचे फोटो मी घरच्या संगणकावर नीटनेटके करून छापावयास दिले होते. छापून आले ते आपण पाहिलेच. सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, आणि आमच्या जाऊबाईंची आंब्या रंगाची पैठणी चक्क मातकट! फोटो छापणाऱ्याशी मी तावातावाने भांडले. पुढे उमगले, की त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. माझाच मॉनिटर खोटे सांगत होता.

दुकानात उठून दिसावा म्हणून नवा मॉनिटर बहुधा फार प्रखर आणि निळसर ठेवलेला असतो. प्रखर पडद्यावर काळोखा फोटोही उजळ वाटतो, म्हणून आपण तो तसाच ठेवतो, किंवा आणखी गडद करतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. तिथे तो काळाच उमटतो. पिवळा काळवंडला की मातकट होतो, हे रांगोळीत रंग मिसळणाऱ्यांना सांगायला नको.

आपण म्हणाल, डोळे आहेत की! पण डोळे लबाड आहेत. थोड्याच वेळात ते निळसर पांढऱ्यालाही पांढरा म्हणू लागतात. म्हणून तर साडी घेताना आपण ती दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहतो. मॉनिटरला दाराशी नेता येत नाही. त्याला मापच लावावे लागते.

त्या मापयंत्राचे नाव कलरिमीटर. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. रात्री पडदा पिवळसर करणारी आणि उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करावी. मग यंत्र पडद्याला सपाट टेकवावे. पडद्यावर एकेक रंग येतो, यंत्र तो मोजते, आणि जो फरक निघेल त्याची नोंद 'प्रोफाइल' नावाच्या फाइलमध्ये होते. त्याआधी पांढरेपणा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि प्रखरता चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला अशी ठरवून द्यावी. मॉनिटर जुना होताना बदलत जातो, म्हणून महिन्याकाठी हे पुन्हा करावे.

यंत्र नसेल त्यांनी खिडकीचा उजेड पडद्यावर येऊ देऊ नये, आणि शेजारी कोरा कागद धरून तितकाच पांढरा दिसेपर्यंत प्रखरता उतरवावी. एवढ्यानेही पुष्कळ साधते.

पैठणीचे हसण्यावारी गेले. पण त्याच मॉनिटरवर मी माझ्या सासूबाईंचा एकुलता एक जुना फोटो 'सुधारला', आणि मूळ प्रतीवरच जतन केला. कागदावरचा फोटो त्याआधीच वाळवीने खाल्ला होता. त्यांच्या शालीचे काठ, मागचा दरवाजा, सगळे काळ्यात बुडाले आहे. काळ्यात गेलेले आता कशानेही वर येत नाही. म्हणून प्रथम मॉनिटर, मग फोटो; आणि मूळ प्रत नेहमी वेगळी.

असे एक यंत्र मी आता घेतले आहे. मंडळाच्या कपाटात ठेवते. ज्यांना हवे त्यांनी वहीत नाव लिहून न्यावे, आणि आठवड्यात परत आणावे.